झाकलेलं ताट

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडयांना सुरुवात होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग ही ती झाडीपट्टी. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची, परवा नदीपलीकडची. गोवाऱ्यांची ढाल निघते, दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत ही लोकनाट्यं उभी राहतात, रात्री वडशाकडच्या कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. नाटकांवर आणि दंडारीवर आजवर बरंच लिहून झालंय, चुलीवर फारसं कुणी लिहीत नाही. मंडईच्या दिवशी गावातल्या घराघरांत पाहुणा असतो. लेक-जावई, साडू, मामेभाऊ, मामेभावाचा मित्र आणि त्या मित्राबरोबर आलेला एखादा, ज्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नसतं. त्यालाही ताट वाढलं जातं. दोन दिवसांनी मंडई त्याच्या गावी, तेव्हा यजमान तो.

तारखा बहुतेक करून एकमेकींवर येत नाहीत, हे या व्यवस्थेचं मर्म आहे. सगळ्या गावांनी एकाच दिवशी मंडई भरवली असती तर प्रत्येकानं आपापल्या घरी जेवून आपापलं नाटक पाहिलं असतं. तारखा मागेपुढे असल्यामुळे महिनाभर माणसं एकमेकांच्या घरी जेवत राहतात. धान कापणीला आलेलं किंवा नुकतंच हाती लागलेलं, तळ्यातले शिंगाडे बाजारात आलेले, हातात चार पैसे. जेवण एका जागचं दुसरीकडे नेण्याऐवजी जेवणाराच गावोगाव फिरतो. वाहतुकीचा खर्च शून्य आणि थंड झालेल्या अन्नाची तक्रार नाही.

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव याच मुलखातलं. धानाच्या बांध्यांमधलं, पण ओळख कापडाची. कोशाचं कापड हातमागावर विणणारं हे गाव. जंगलातल्या येनाच्या झाडांवर ढिवरांनी वाढवलेला कोसा इथल्या मागांवर येऊन साडी होतो. तालुक्याच्या गावी, मोहाडीला, विणकरांची चौंडेश्वरी आहे; नवरात्रात तिथे ज्योती लागतात. विणकराचं अर्थकारण साधं आणि कठीण असतं. व्यापाऱ्याकडून सूत आणायचं, कापड विणून द्यायचं, मजुरी घ्यायची. सूत आलं नाही की माग थांबतो आणि माग थांबल्याचं शेजाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही, कारण खटक-खटक ऐकू येईनाशी होते. अशा घरातला माणूस मागायला बाहेर पडत नाही. त्याच्याकडे काही पोचवायचं तर ते मागितल्याशिवाय आणि दिल्याचं न दाखवता पोचवावं लागतं.

आपल्याकडे त्यासाठी एक जुनी रीत आहे. ताटात पदार्थ ठेवायचा, वर दुसरं ताट नाहीतर फडकं झाकायचं आणि पोराच्या हाती शेजारी धाडायचं. नव्या धानाचा भात असेल, पहिल्या पावसातल्या तरोट्याची भाजी असेल, परसातल्या वेलीचं पहिलं फळ असेल. हा वानोळा. वानोळा म्हणून गेलेल्या वस्तूवर उपकाराचा शिक्का बसत नाही. सगळ्यांच्याच घरी जातो तो. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याच्याही आणि ज्याच्या घरी दोन चुली पेटल्यात त्याच्याही. आणि ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम. काही नसेल तर मूठभर तांदूळ, चिमूटभर साखर. या मूठभर तांदळानं हिशेब पूर्ण होत नाही हे दोन्ही घरांना माहीत असतं. पण घेणाऱ्याला देणारा होण्याची संधी तिथल्या तिथे मिळते. अन्नदानाच्या मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांना सहसा सुचत नाही ती नेमकी ही परतीची मूठ.

रोवण्याच्या दिवसांत हेच धुऱ्यावर घडतं. सकाळपासून कमरेत वाकून चिखलात रोपं लावणाऱ्या बाया दुपारी बांधीबाहेर येतात, डबे उघडतात. भात जिचा तिचा, भाजी मात्र सगळ्यांची. एकीच्या झाकणात चमचाभर, दुसरीच्या झाकणात चमचाभर. जिच्या डब्यात नुसतं मीठ-मिरची आहे तिच्याही झाकणात चार भाज्या येतात, कारण तिचं झाकण वगळायचं तर वगळल्याचं दिसेल. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. तिथे मागणं हाच खेळ असल्यामुळे मागण्याची लाज उरत नाही.

हे सगळं लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो. गावातलं अन्न असं सगळ्यांच्या दारी फिरत होतं, हे अर्धंच खरं आहे. गावजेवणात कोण कुठे बसणार हे ठरलेलं असे. कुणाची पंगत शेवटी, कुणाची अंगणाबाहेर, आणि कुणाच्या वाट्याला पंगत उठल्यावर पत्रावळीत राहिलेलं. उष्टं-शिळं मागून नेणं हा काही जातींचा हक्क म्हणून सांगितला जाई. असा हक्क, जो सोडल्याबद्दल मार खावा लागे. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टी-शिळी भाकर आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडून द्या, असं सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आपल्या लक्षात राहिलं, त्याच परिषदेतली ही भाकरीची गोष्ट तेवढी राहिली नाही. एकीकडे नाकारलेलं पाणी हक्कानं घ्यायचं होतं, दुसरीकडे देऊ केलेलं अन्न मानानं नाकारायचं होतं. नागपूर-भंडाऱ्याच्या या भागात महार समाजातले अनेकजण पिढीजात विणकर. जाडंभरडं कापड विणून विकणारे, पुढे नागपूरच्या गिरण्यांत गेलेले. स्वतःच्या हातावर जगता येतं हे त्यांना ठाऊक होतं. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते याच भंडाऱ्यातून. हरले. पण विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत उष्ट्याला नकार रुजला तो कायमचा.

म्हणून अन्न वाटण्याची कुठलीही नवी युक्ती समोर आली की मला पहिला प्रश्न पडतो तो किती टन अन्न वाचलं हा नाही. ताटात वाढलेलं आधी बाजूला काढलं होतं की खाऊन उरलं होतं? देणारा-घेणारा समोरासमोर येतात का, आणि आले तर कोण खाली पाहतो?

महाराष्ट्रात अन्न पोचवण्याचा विषय निघाला की मुंबईचे डबेवाले येतातच. महादू हावजी बच्चे यांनी १८९०मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इथली माणसं, पांढरी टोपी, डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे. कोरोनाच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज जवळपास दोन लाख डबे नेत-आणत; नंतर ही संख्या बरीच घटली. त्यांच्या अचूकतेवर व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत इतकं बोललं गेलंय की इथे पुन्हा सांगायला नको. मात्र या व्यवस्थेची एक बाजू क्वचितच बोलली जाते. डबेवाला अन्न पोचवतो, वाटत नाही. तुमच्या घरचं अन्न तुम्हालाच मिळावं, दुसऱ्या कुणाचं चुकून मिळू नये, यासाठीच ती सगळी अक्षरं आणि आकडे. आपल्या जातीचं, आपल्या चवीचं, आपल्या घरातल्या हातचं जेवण परक्या शहरात मिळावं ही गरज त्यामागे होती. गरज खरीच होती, पण तिच्यात आपलं ताट आपल्यापुरतं राखण्याचा आग्रहही होता. आज पुण्या-ठाण्याहून फराळाची खोकी न्यू जर्सी आणि सिडनीला जातात, पोस्ट खातंही ती पोचवतं. चकली समुद्र ओलांडते, पण जाते आपल्याच माणसाकडे.

याच डब्यांच्या जाळ्यात २०१२च्या सुमारास एक वेगळीच गोष्ट घुसवण्यात आली. ‘शेअर माय डबा’ असं तिचं नाव. जेवण झाल्यावर डब्यात काही उरलं असेल तर जेवणाऱ्यानं डब्याला ‘शेअर’ असं लिहिलेली छोटी चिकटपट्टी लावायची. दुपारी डबे परतीच्या प्रवासात स्टेशनाजवळ एकत्र येतात, त्यांची छाटणी होते, तेव्हा थोडा वेळ मोकळा मिळतो. तेवढ्यात चिकटपट्टीवाले डबे वेगळे काढायचे, उरलेलं अन्न जवळपासच्या रस्त्यावरच्या मुलांना द्यायचं आणि रिकामा डबा पुन्हा रांगेत लावायचा. कल्पना म्हणून हिला दाद द्यावीच लागेल. नवी गाडी नाही, नवा माणूस नाही, नवा रस्ता नाही. एक चिकटपट्टी फक्त. जगभरच्या जाहिरातवाल्यांनी हिचं कौतुक केलं.

मला मात्र ती पाहताना महाडची परिषद आठवते. डब्यात उरलेलं हे खाऊन उरलेलं असतं. चमच्यानं वेगळं काढलं असेल, कप्पा शिवलाही नसेल, तरी ते दुसऱ्याच्या जेवणाचा शेवट असतं. भुकेल्या पोराला हा फरक कळत नाही असं आपण गृहीत धरतो. त्याला तो पक्का कळतो. हीच चिकटपट्टी सकाळी, डबा भरताना लागली असती तर? घरातल्या बाईनं एक पोळी जास्त लाटून वरच्या कप्प्यात वेगळी ठेवली असती आणि डबेवाल्यानं ती जेवणाआधीच उतरवली असती तर? मग ती उष्ट्याची सोय राहिली नसती, वानोळा झाला असता. युक्ती तीच, वेळ फक्त बदलली असती.

पोचवण्याच्या नव्या यंत्रणांनाही जुन्या गोष्टी सुटलेल्या नाहीत. मार्च २०२४मध्ये झोमॅटोनं शाकाहारी जेवण नेणाऱ्यांचा वेगळा ताफा जाहीर केला, त्यांना हिरवा पोशाख दिला. टीका इतकी झाली की वेगळा रंग दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. कुठल्या गाडीवरचं जेवण आपल्या सोसायटीत यावं आणि कुठल्या नाही, हे रंगावरून ठरवता आलं असतं, ही भीती त्या टीकेमागे होती आणि ती अनाठायी नव्हती. त्याच कंपनीनं नोव्हेंबर २०२४मध्ये ‘फूड रेस्क्यू’ सुरू केलं. वाटेत असलेली ऑर्डर रद्द झाली की ती जवळपासच्या ग्राहकांना कमी किमतीत दिसते, ज्यानं आधी घेतली त्याची. महिन्याला चार लाखांवर ऑर्डरी रद्द होतात असं कंपनीच्याच प्रमुखांनी सांगितलं होतं. इथे अन्न शिळं नाही, उष्टं नाही, घेणारा गिऱ्हाईक म्हणून घेतो, त्यामुळे मान शाबूत. पण ज्याच्या मोबाइलमध्ये ॲप आहे तो सहसा उपाशी नसतो. हे अन्न वाचवणं आहे, भूक भागवणं नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ करून पाठ थोपटून घेण्याची सवय आपल्याला लागली आहे.

वाया जाणाऱ्या अन्नाचा आकडा मोठा आहे हे खरं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातही सगळ्यात मोठा वाटा घरांचा आहे, हॉटेलांचा नाही. या आकड्यामुळे जगात ठिकठिकाणी रस्त्यावर फ्रिज उभे राहिले. जर्मनीत २०१२पासून ‘फूडशेअरिंग’वाल्यांनी शहराशहरांत कपाटं आणि फ्रिज ठेवले, कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. बर्लिनमध्ये अन्नसुरक्षा खात्यानं या फ्रिजांना दुकानांसारखे नियम लावायला घेतले तेव्हा मोठा वाद झाला. स्पेनमधल्या गाल्दाकाओ या गावी २०१५मध्ये फुटपाथवर लाकडी कुंपणात फ्रिज ठेवला गेला. कच्चं मांस, मासे, अंडी चालणार नाहीत. घरी केलेल्या पदार्थावर तारीख हवी. आणि एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: नेणारा गरीब आहे का, हे कुणी विचारायचं नाही. मोटारीतून आलेल्यानंही न्यावं. अन्न वाया जाऊ नये हा हेतू एकदा जाहीर केला की नेणाऱ्याच्या गरिबीची चौकशी करायची गरजच उरत नाही. कोचीत २०१६मध्ये मिनू पॉलीन यांनी आपल्या हॉटेलाबाहेर फ्रिज ठेवला, नाव ‘नन्म मरम’, दिवसरात्र उघडा. रात्री कचऱ्याच्या डब्यात अन्न शोधणारी बाई दिसली, त्यातून हे सुचल्याचं त्यांनी सांगितलं होतं. रात्री फ्रिजजवळ कुणी नसतं. घ्यायला येणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

आपल्याकडचा या जातीतला सगळ्यात विचारपूर्वक झालेला प्रयोग मला औरंगाबादचा वाटतो, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. युसूफ मुकाती यांनी तिथल्या हारून मुकाती इस्लामिक सेंटरमध्ये डिसेंबर २०१५मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. बँकेसारखीच रीत: सभासदानं नाव नोंदवायचं आणि रोज आपल्या घरून ताज्या दोन पोळ्या आणि भाजी जमा करायची. गरजूनं येऊन घेऊन जायची, जात-धर्म विचारायचा नाही. सुरुवातीला काहीशे घरं सामील झाली. मुकातींचा रोख भीक मागणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच लोकांवर होता. घरात पाच-सात खाणारी तोंडं, कमावणारा एक, तोही आजारी. हात पसरायला मन धजत नाही, अशा माणसांसाठी ही बँक. इथे पोळी उरलेली नसते, मुद्दाम लाटलेली असते. देणारा ती काउंटरवर ठेवून निघून जातो, घेणारा नंतर येतो, दोघांची गाठ पडत नाही. कुणाच्या घरची पोळी कुणाच्या पोटात गेली हे दोघांनाही कळत नाही. मुंबईत डबेवाल्यांनी आणि माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही रोटी बँका चालवल्या, पण त्यांची जातकुळी वेगळी. तिथे लग्नसमारंभात आणि हॉटेलांत उरलेलं अन्न गाडीनं उचलून वस्तीत नेण्यावर भर होता. कामाचा आवाका मोठा आणि उपयोगही निर्विवाद. औरंगाबादच्या दोन पोळ्यांत जी बारीक समज आहे ती मात्र गाडीत मावत नाही.

दोन पोळ्या हा आकडाही नीट पाहण्यासारखा आहे. वीस मागितल्या असत्या तर फक्त पैसेवाल्यांनी दिल्या असत्या, आणि मग देणारे कोण, घेणारे कोण हे गावाला पाठ झालं असतं. दोन पोळ्या रिक्षावालाही देऊ शकतो. या महिन्यात देणारा पुढच्या महिन्यात घेणारा होऊ शकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सरकारला ही गोष्ट कधी जमली नाही. १९९५मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रं मोक्याच्या जागी उभी राहिली, काही वर्षांत अनुदान थांबलं, आणि बऱ्याच ठिकाणी झुणका जाऊन दुकान तेवढं राहिलं. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. किंमत १० रुपये. थाळीमागे शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरले होते, वरचा भार सरकारचा. कोरोनाच्या टाळेबंदीत किंमत पाच रुपयांवर आली, पुढे काही काळ थाळी फुकट मिळाली. जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणी बाजाराला, दवाखान्याला, कचेरीत आलेल्या माणसाला या थाळीनं आधार दिला, हे ज्यानं कुठल्याही सरकारी दवाखान्याबाहेर दुपार काढली आहे तो मान्य करेल. दहा रुपये देऊन जेवायचं, यातही शहाणपण होतं. फुकट नाही म्हणून मान खाली नाही. पण गैरप्रकार होऊ नयेत म्हणून जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो ॲपमध्ये घ्यायचा, अशी अट आली. ताटावर बसलेल्या माणसासमोर मोबाइल धरायचा आणि मग वाढायचं. हिशेब तपासणाऱ्याच्या बाजूनं अट समजते. पण पंचतारांकित हॉटेलात जेवणाऱ्याचा फोटो सरकार घेत नाही, सवलतीच्या गॅसवर स्वयंपाक करणाऱ्याचाही घेत नाही. दहा रुपयांच्या थाळीवाल्याचाच घेते.

त्याच २०२०च्या उन्हाळ्यात विदर्भाच्या रस्त्यांवर एक फार मोठी पंगत बसली. भंडारा-साकोली-देवरी हा महामार्ग छत्तीसगड-ओडिशाकडे जातो. मुंबई-पुण्याहून निघालेली माणसं त्यावरून चालत होती. नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ एक साधी टिनाची शेड आहे. आत जंगलातल्या गुरुद्वाऱ्याला जोडलेला हा लंगर वर्षानुवर्षं चालू आहे. ऐंशी ओलांडलेले बाबा कर्नैलसिंग खैरा तो चालवत होते. टाळेबंदीत त्या पट्ट्यातले ढाबे बंद, मैलोन् मैल दुसरं काही नाही. दहा आठवड्यांत वीस लाख लोक तिथे जेवले, असा आकडा वृत्तसंस्थांनी दिला. चालणारे, ट्रकवाले, बसवाले, रुग्णवाहिका चालवणारे, पोलीस. आकडा बाजूला ठेवला तरी पद्धत पाहण्यासारखी होती. लंगरमध्ये ट्रकचा मालक आणि त्याच ट्रकच्या टपावर बसून आलेला मजूर एकच डाळ-रोटी खातात. तिथे गरजूंसाठी वेगळी खिडकी नसते.

वारकरी सप्ताहाचा गोपालकाला हा त्याच कुळातला. सप्ताहाच्या शेवटी घराघरातून आलेल्या लाह्या, पोहे, दही, लोणचं, मिरच्या एका भांड्यात कालवतात. कालवल्यावर कुणाचे पोहे कुठे गेले हे शोधता येत नाही. हे रूपक म्हणून कीर्तनकार रंगवून सांगतात. मला त्यात नुसतं रूपक दिसत नाही, चांगली कार्यपद्धती दिसते. देणाऱ्याचं नाव पुसण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. अर्थात काला कालवणारा हात कुणाचा असावा, यावर गावोगाव काय काय झालं, तो वेगळा लेख होईल.

आता आंधळगावाकडे आणि या जिल्ह्याकडे परत. भंडारा धानाचा जिल्हा. इथला शेतकरी आधारभूत केंद्रावर धान घालतो, ते गिरणीत भरडलं जातं. एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचा, हा हिशेब इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो, कारण घरात त्यावर बोलणं चालूच असतं. तो तांदूळ सरकारी गोदामातून रेशनवर जातो, शाळांच्या खिचडीत जातो, राज्याच्या दुसऱ्या टोकालाही जातो. देशातली सगळ्यात मोठी अन्न पोचवणारी यंत्रणा कुठल्या ॲपची नाही, ही आहे, आणि तिचा एक उगम इथल्या बांध्यांत आहे.

शाळेतल्या खिचडीचा इतिहास फार जुना नाही. १९९५मध्ये केंद्राची योजना आली तेव्हा बहुतेक ठिकाणी पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे. २००१च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं, आणि शाळेत चूल पेटली. कोरडा तांदूळ घरी गेला की घरातला सगळ्यात लहान पोटभर जेवेल याची खात्री नव्हती, आणि कोरड्या तांदळानं पंगत होत नाही. शिजवलेल्या अन्नानं ती झाली. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ. कोष्ट्याचं, ढिवराचं, बौद्धाचं, कुणब्याचं पोर एका रांगेत मांडी घालून. शेकडो वर्षं जे गावजेवणाला साधलं नव्हतं ते शाळेच्या व्हरांड्यात रोज दुपारी घडू लागलं. सगळीकडे सुखानं घडलं असं नाही. उत्तराखंडच्या चंपावतमध्ये २०२१च्या डिसेंबरात दलित स्वयंपाकीण नेमली म्हणून काही पोरांनी जेवण नाकारलं, हे देशभर गाजलं. तरी ही रांग टिकली. ती टिकवणाऱ्या बाईला महाराष्ट्रात महिन्याला मिळतात अडीच हजार रुपये, तेही अलीकडच्या वाढीनंतर.

या रांगेत नोव्हेंबर २०२३पासून आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी २०२५च्या निर्णयानं त्याचा सरकारी निधी थांबला. अंडा पुलाव करायचा असेल, किंवा खिरीत आणि नाचणीसत्वात साखर घालायची असेल, तर शाळेनं अंडी-साखर लोकसहभागातून मिळवावी, असं सांगण्यात आलं. लोकसहभाग हा शब्द चांगला आहे आणि त्याच्याआड बरंच काही झाकता येतं. ज्या जिल्ह्याचा शेतकरी सरकारी गोदाम भरतो त्या जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकानं पोरांच्या खिरीसाठी साखर मागत फिरावं, हे मला पटत नाही. अंड्याचा खर्च सरकारनं उचलावा. तो दानाचा विषय नाही.

पण निर्णय बदलेपर्यंत पोरांना खीर द्यायची आहे. आणि गावं देतीलही. वाढदिवस, पुण्यतिथी, नवस, नोकरी लागली, निमित्तं भरपूर. माझी विनंती फक्त पद्धतीपुरती आहे. साखर दिली म्हणून फळ्यावर नाव लिहू नये, वाढण्याआधी दात्याचा सत्कार करू नये, पोरांना टाळ्या वाजवायला लावू नये, फोटो काढून गटावर टाकू नये. गल्ल्यांनी महिने वाटून घ्यावेत. एक महिना विणकरांच्या ओळीचा, एक बौद्ध वाड्याचा, एक गुजरीचा. पाच किलो देणाऱ्याची साखर आणि वाटीभर देणारीची साखर एकाच डब्यात ओतावी. आणि ज्या पोराच्या बापानं दिली त्यालाही जागा मिळेल तिथे, त्याच रांगेत बसवावं.